हिंगण्यातून गेलेल्या दोन बत्त्या

मी आयुष्यात दोनदाच समुद्र पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा माझं अर्धं लक्ष काठावर काढून ठेवलेल्या चपलांकडे होतं. तरीही कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी रोज संध्याकाळी ज्या दोन बत्त्या लागतात, त्यांचं ड्रॉइंग माझं आहे. हे सांगताना मला अभिमान वाटतो. पण तो मी जरा जपूनच वापरते, कारण त्या बत्त्या मी उलट्या बाजूंना लावायला निघाले होते.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंडकाम करणारा एक मध्यम कारखाना आहे. तिथल्या ड्रॉइंग विभागात मी वीसेक वर्षं काम करते. विभाग म्हणजे मी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि त्या प्रिंटरवरचा माझा राग. आम्ही पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे करतो, कापसाच्या जिनिंगच्या शेडी करतो, तलावांवरच्या पंपहाउसचे जिने आणि कठडे करतो. आमच्या मालकांना 'नाही' म्हणता येत नाही. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलेलं आहे, आणि मी रजेवर गेले की ते नेमकं भलतंच काहीतरी घेऊन येतात. गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाहून परतले, तर टेबलावर एका धक्क्याचा नकाशा.

"कोकणातलं काम आहे," मालक म्हणाले. "तरीचा धक्का. लोखंड ते लोखंड, मॅडम. समुद्रात काय अन् हिंगण्यात काय!"

काम असं होतं. खाडीच्या एका काठाला गाव, पलीकडे दुसरं गाव, आणि मध्ये माणसं, मोटरसायकली, माशांच्या टोपल्या नेणारी तर, म्हणजे दोन काठांत ये-जा करणारी होडी. जुना दगडी धक्का भरतीला पाण्याखाली जायचा आणि ओहोटीला इतका उंच व्हायचा, की म्हाताऱ्या माणसांना होडीतून हात धरून वर ओढावं लागे. म्हणून तिथे पाण्यावर तरंगणारा एक तराफा येणार होता, आणि काठापासून तराफ्यापर्यंत बिजागरीवर हलणारा पूल. पाणी चढलं की तराफा चढणार आणि पूल सपाट होणार. पाणी उतरलं की पूल उताराचा होणार. आमच्याकडे तो पूल होता आणि बत्त्यांचे दोन खांब होते. खाडीच्या तोंडाशी एका अंगाला धक्क्याचं टोक, दुसऱ्या अंगाला भरतीत बुडणारा खडक. दोन्हींवर एकेक खांब, एकावर लाल बत्ती आणि दुसऱ्यावर हिरवी. समुद्रातून येणाऱ्या होडीने त्या दोघींच्या मधून आत यायचं.

मला एखादं काम आवडलं की मी त्याच्या खापरपणजोबांपर्यंत जाते. हे काम चाललं त्या दोन महिन्यांत मी धक्के आणि बत्त्या यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. जेवताना मी तेच बोलायची. शेवटी आई वैतागून म्हणाली, "तू आता बोटीवरच जाऊन राह्य वं."

पण गोष्टीच तशा होत्या. पूर्वी धक्के लाकडी असत. मोठमोठे वासे गाळात ठोकायचे, आणि मग आपल्याकडे वाळवी करते तेच काम करणारा पाण्यातला एक किडा ते आतून पोखरायचा. वरून वासा ठणठणीत, आतून चाळणी. पुढे ओतीव लोखंडाचे खांब आले, पण मऊ गाळात लोखंड तरी उभं कसं राहणार? त्यावर उपाय सुचला एका अंध अभियंत्याला. खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा स्क्रू बसवायचा आणि माणसांनी गोल गोल फिरून तो खांब गाळात पिळत न्यायचा. ज्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याच्या खांबांवर दीपगृहं उभी राहिली, हे वाचल्यावर मी त्या दिवशी प्रिंटरलासुद्धा माफ केलं.

बत्त्यांचं तर विचारूच नका. आधी टेकडीवर लोखंडी पिंजऱ्यात लाकडं नाहीतर कोळसा पेटवत. मग तेलाच्या वाती आल्या, मग काचेच्या कड्यांचं ते भलंमोठं भिंग आलं, जे इकडेतिकडे सांडणारा उजेड गोळा करून एका रेषेत धाडायचं. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे. त्याचं वजन हळूहळू खाली यायचं, आणि राखणदाराने उठून ते पुन्हा वर चढवायचं. नंतरच्या गॅसच्या बत्त्यांमध्ये एक काळी दांडी असायची. दिवसाच्या उजेडाने ती तापायची, केसभर लांब व्हायची आणि गॅस बंद करायची. दिवस मावळला की आखडायची आणि बत्ती पेटायची. माणूस नाही, वीज नाही, केसभर फरकावर बंदरं चालत होती! आमच्या बत्तीत आता एलईडीचे दाणे होते, वर सौर पत्रा होता आणि अंधार ओळखणारा बारीकसा डोळा होता. संध्याकाळ झाली की ती आपली आपण लागणार होती. कोणी लावायला नको, आणि कोणी थांबवायलाही नाही.

एवढं सगळं वाचलं. नेमकं एक पान वाचायचं राहिलं.

खांब उभे करायचं काम आमच्या मिस्त्रींकडे होतं. मिस्त्री नरखेड तालुक्यातले. घरी संत्र्याची बाग आहे, दोन भाऊ ती पाहतात आणि हे आमच्याकडे वेल्डिंग आणि फिटिंग पाहतात. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अंगाने काटक, आणि कामाला लागण्याआधी माणसाचा जीव काढणारे. विहिरीवर मोटर बसवायला गेले, तर आधी त्या विहिरीचं ओंजळभर पाणी पिणार, मग बागेतल्या सगळ्यात शेवटच्या झाडापर्यंत चालत जाणार, तिथे उभे राहून विहिरीकडे पाहणार आणि मगच पान्याला हात लावणार. "पानी कुठं पोचाचं हाय ते पाह्यल्याशिवाय मोटर कायले बसवाची?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या सवयीपायी आमची कामं अर्धा अर्धा दिवस लांबतात, आणि त्यावरून मी त्यांना पुष्कळ बोललेली आहे.

बत्त्या किती लांबून दिसतात ते पाहायला आम्ही एका संध्याकाळी रामटेकला गेलो. मिस्त्री दोन्ही बत्त्या घेऊन गडाच्या पायऱ्यांवर बसले आणि मी दूर, धान कापून झालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जाऊन उभी राहिले. अंधारून आलं तशा दोन्ही बत्त्या लागल्या, आणि इतक्या स्वच्छ दिसल्या की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. बांधावरून सायकल ढकलत चाललेला एक शेतकरी थबकला.

"गडावर हे काय लावलं बाई?"

"समुद्रातली बत्ती आहे."

त्याने गडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इकडं येऊन राह्यला का समुद्र?" असं म्हणून तो पुढे गेला. मिस्त्री आणि मी परतीच्या वाटेवर हसून हसून बेजार झालो.

आता माझ्या चुकीविषयी. हे काम आम्हाला देणाऱ्या कंत्राटदाराच्या पत्रात एक ओळ होती: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. नकाशात खांबांना नुसते क्रमांक होते, एक आणि दोन. कोणत्या खांबावर कोणती बत्ती, हे ड्रॉइंगमध्ये मला दाखवायचं होतं. मी नकाशा नेहमी धरते तसा धरला: सडक माझ्या बाजूला आणि काम पलीकडे. वीस वर्षं मी प्रत्येक काम सडकेवरूनच पाहिलं आहे. शेड सडकेवरून, टाकी सडकेवरून, तलावाचं पंपहाउससुद्धा सडकेवरून, कारण आमच्याकडे माणूस जमिनीवरून पाण्याकडे जातो. पाण्यावरून जमिनीकडे कोणी येत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. डाव्या हाताचा खांब एक, तो धक्क्यावरचा, त्यावर लाल. उजव्या हाताचा खांब दोन, तो खडकावरचा, त्यावर हिरवी. सही केली आणि प्रिंट काढली.

मिस्त्रींनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली. मग शेडमधून माझ्या टेबलापर्यंत आले.

"मॅडम, हे उजवं कोनाचं?"

"म्हणजे?"

"म्हंजे, उजवं कोन म्हनून राह्यलं? कोन उभं हाय तिथं?"

त्या दिवशी प्रिंटरने सकाळपासून चार कागद चावले होते आणि मालकांनी तीनदा 'झालं का' विचारलं होतं. पण ही सबब झाली. खरं म्हणजे मला त्यांच्या त्या शेवटच्या झाडापर्यंत चालत जाण्याचा कंटाळा आला होता. "मिस्त्री, उजवं ते उजवं," मी म्हणाले. "सगळ्या जगाचं एकच असतं. ड्रॉइंग वाचा ना, ड्रॉइंग!" मागे चार फिटर उभे होते. त्यातला एक हसला. मिस्त्री "बरं" म्हणाले आणि प्रिंटची घडी घालून खिशात ठेवत शेडमध्ये गेले.

बुधवारी ट्रक निघाला आणि त्याच्यासोबत मिस्त्रीही. त्यांनी तर समुद्र कधीच पाहिला नव्हता. जाताना बागेतल्या संत्र्यांचं एक पोतं घेतलं, म्हणाले, "पाहुन्या गावाले हात हलवत कसं जावाचं?" शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. खांब उभे झाले, पूल बसला, बत्त्या रविवारी चढणार. आवाज एकदम खुशीत होता. रविवारी गावच्या देवीची जत्रा होती आणि आसपासच्या खाड्यांमधून माणसं होड्यांनी येणार होती. त्यात एक मोठी होडी लांबच्या बंदरावरून यंदा पहिल्यांदाच येत होती. सरकारी साहेब तपासणीला सोमवारी येणार होते, पण गावाने धरूनच ठेवलं होतं की बत्त्या जत्रेला लागल्या पाहिजेत. "गावची मानसं डोये मिटून येतील," मिस्त्री म्हणाले, "पन त्या बाहेरच्या होडीचा तांडेल बत्त्या पाहूनच येईन." तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य, हा शब्द त्यांनी तिथे जाऊन दोन दिवसांत उचलला होता. मी म्हटलं, वा!

रविवारी दुपारी जेवून मी पलंगावर आडवी झाले आणि मोबाइलवर बंदरातल्या बत्त्यांच्या रंगांविषयी वाचू लागले. हौस म्हणून, बाकी काही नाही. तिथे लिहिलं होतं की वेगवेगळ्या देशांत पूर्वी या रंगांचा नुसता गोंधळ होता, आणि त्यात किती जहाजं फुटली. म्हणून पुढे नियम ठरला: लाल डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला. आणि पुढची ओळ: हे डावं-उजवं समुद्रातून बंदरात येणाऱ्याचं.

मी उठून बसले. ओळ पुन्हा वाचली. समुद्रातून बंदरात येणाऱ्याचं. खाली लिहिलं होतं की अमेरिका, जपान अशा काही ठिकाणी आजही याच्या उलट चालतं. खोटं कशाला बोलू, अर्धं मिनिट मी जपानवर भिस्त ठेवली. मग ध्यानात आलं, की ती होडी जपानात जायची नाही.

लाल डाव्या हाताला ठेवत आत यायचं, हे त्या तांडेलाच्या अंगात मुरलेलं असणार. आणि माझी लाल बत्ती त्याच्या उजव्या हाताला, धक्क्याच्या टोकावर होती. हिरवी खडकावर. हिरवी उजवीकडे ठेवायला तो गेला असता, तर सरळ खडकाच्या पलीकडे उथळ पाण्यात. होडीत बाया, पोरं, देवीसाठी आणलेले नारळ. मी पलंगावरून उतरले.

"काहून वं, भूत पाह्यलं का?" आई म्हणाली.

मी मिस्त्रींना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. कंत्राटदाराचा बंद. मालक एका नातेवाइकाच्या घरी कार्यक्रमाला गेले होते, त्यांचा नुसता वाजत राहिला. मग मला वाटलं, कदाचित मी त्या दिवशी नकाशा उलटा धरला असेल. माणसाला आपण मूर्ख असावं असंही वाटतं कधीकधी, जर त्या मूर्खपणाने बरोबर उत्तर येत असेल तर. फाइल कारखान्याच्या कॉम्प्युटरवर होती. मी स्कूटी काढली.

"आज तं इतवार हाय मॅडम," चौकीदार म्हणाला.

"उघडा."

ड्रॉइंग स्क्रीनवर आलं. खाली सडक, वर समुद्र. डाव्या हाताला लाल. कितीही फिरवून पाहिलं तरी चूक शाबूत. कोपऱ्यात माझी सही, नेहमीसारखी शेपटी काढलेली. मला त्या शेपटीचा एवढा राग आला की काय सांगू.

पुन्हा फोन. मिस्त्री नाहीत, कंत्राटदार नाही, मालक नाहीत. त्या गावच्या शाळेचा, दुकानाचा, कोणाचा तरी नंबर मिळेल म्हणून शोधलं, तर एका हॉटेलचा मिळाला. ते पलीकडच्याच तालुक्यात निघालं. तिथला माणूस म्हणाला, "जत्रेची गर्दी आहे, ताई. तिकडे कोण फोन उचलणार?" मग मी मालकांना सगळं लिहून पाठवलं. चूक माझी आहे, मिस्त्रींनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही, आता होडी यायच्या आत तिथे कोणालातरी पोचवा. तो संदेश पाहिल्याच्या निळ्या खुणा काही आल्या नाहीत.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. रविवारी एमआयडीसीत चिटपाखरू नसतं. ऊन उतरत होतं. सूर्य समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर आला, मग पत्र्यामागे गेला. सडकेवरचे दिवे लागले. अंधार ओळखणारा तो डोळा मीच मागवला होता. मीच त्याच्या किती गप्पा मारल्या होत्या. आता तिकडेही दोन्ही बत्त्या लागल्या असणार, असं मनात आलं आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही. त्यातलं बरंचसं अजून फेडायचं आहे.

फोन वाजला. मिस्त्री.

"मॅडम, एवढे फोन? काय झालं?"

"मिस्त्री, बत्त्या उलट्या लागल्या! होडी आली का? बत्त्या उतरवा, काहीही करा, दगड मारून फोडा—"

"थांबा, थांबा. त्या बदलल्या मी."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. "काय बदललं?"

"बत्त्या. लाल खडकावर टाकली, हिरवी धक्क्यावर. चार बोल्ट तं होते. दुपारीच केलं."

मी उठून उभी राहिले होते. आता पुन्हा बसले.

मग त्यांनी सांगितलं. सकाळी बत्त्या चढवल्या ड्रॉइंगप्रमाणेच. पण त्यांच्या जिवाला चैन पडेना. मोटरचं पाणी कुठे पोचतं ते पाहायला जसे शेवटच्या झाडापर्यंत जातात, तसे ते गावातल्या तरीवाल्या तांडेलाच्या मागे लागले: मला होडीतून बाहेर घेऊन चल आणि परत आत आण, ही बत्ती पाहणारा कुठून पाहतो ते मला पाहायचं आहे. जत्रेचा दिवस, तांडेलाला कामं. शेवटी दहा संत्र्यांवर तो तयार झाला. मोबाइल पाण्यात पडेल म्हणून मिस्त्रींनी तो पिशवीसकट तांडेलाच्या घरी ठेवला होता आणि आत्ता कुठे परत आणला होता. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर लाटा लागल्या.

"मॅडम, सकायपासून खाल्लं तेवढं सारं बाहेर आलं. त्या तांडेलानं मले दोरानं बांधून ठेवलं. पन परत येतानी मी डोये उघडे ठेवले. लाल माह्या उजव्या हाताकडं होती. मी तांडेलाले म्हनलं, असंच असते का? तो म्हने, छे, लाल डावीकडं. साऱ्या बंदरात डावीकडं. मंग मी तुमचं ड्रॉइंग काढलं अन् पाह्यलं. ड्रॉइंग सडकेवर उभं होतं मॅडम."

आमच्या कामातली माझी सगळी हुशारी, ते भिंग, ती काळी दांडी, तो अंध अभियंता, एवढं वाचून मी काठावरच उभी होते. आणि ज्यांना मी ड्रॉइंग वाचायला सांगितलं ते पोट धरून पाण्यात गेले.

"मिस्त्री, तुम्ही मला विचारलं होतं."

"हो."

"मी ओरडले तुमच्यावर. सगळ्यांसमोर."

"हो, जोरातच," मिस्त्री म्हणाले. "तो फिटर अजून हासून राह्यला असन." मग माझा आवाज ऐकून म्हणाले, "असू द्या ना मॅडम. मालकाले सांगाची काही गरज नाई. बत्त्या जागेवर हायेत."

मालकांना पाठवलेला संदेश अजून कोणी वाचलेला नव्हता. पुसता आला असता. बोट त्यावर गेलंही होतं, कबूल करते. "मी सांगितलंय त्यांना," मी म्हणाले आणि बोट बाजूला घेतलं.

"पण मिस्त्री, इथे दिवस मावळला. ती बाहेरची होडी आली का?"

"मावळला कुठं? इकडं सूर्य अजून पान्याच्या वर हाय, बोटभर." नागपूर पूर्वेकडे आहे आणि आपला दिवस कोकणाच्या आधी मावळतो, हे मी शाळेत शिकले होते. ते त्या पायरीवर पहिल्यांदा खरं वाटलं. माझी दिवे लागल्यापासूनची सगळी भीती एका मावळून गेलेल्या सूर्याची होती, तिकडे तो अजून मावळायचाच होता. "होडी आता येईनच," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही जेवा-खावा. मी करतो फोन."

"नाही. फोन ठेवू नका. मी कारखान्यातच बसून ऐकते."

"बिल येईन ना मॅडम!"

"मिस्त्री!"

"बरं, बरं."

ते तराफ्यावर उभे राहिले. मला वारा ऐकू येत होता, मागे कुठेतरी ढोल, पुलाच्या बिजागरीची किरकिर. तिला ग्रीस कमी पडलं होतं, हेही त्या अवस्थेत माझ्या लक्षात आलं. चौकीदाराने मला न विचारता चहाचा कप आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

"लागल्या," मिस्त्री एकदम म्हणाले. "दोन्ही लागल्या मॅडम. हिरवी आधी, मंग लाल."

"होडी?"

"दिसून राह्यली. लई मोठी हाय. मानसं उभीच हायेत, बसत काहून नाईत कोन जाने. आता... थांबा." वाऱ्याने पुढचे शब्द खाल्ले. मी फोन इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला. "खडकाकडं येऊन राह्यली... नाई, नाई. वळली. तांडेलानं वळवली. लाल डावीकडं टाकली त्यानं. मधात हाय मॅडम. बरोबर मधात."

"मग?"

"मंग काय, आत आली. येऊन राह्यली सरळ. दोर फेकला. लागली तराफ्याले."

मला तेवढ्याने पुरेना. डोळ्यांनी दिसत नव्हतं ना मला काही. मी म्हटलं, "मिस्त्री, उतरणारी माणसं मोजा."

त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. मोजू लागले. एक आजीबाई, तिला धरून दोघं. तीन बाया डोक्यावर टोपल्या घेतलेल्या. ढोलवाले पाच. एक मास्तरसारखा माणूस, चपला हातात घेऊन. नवरानवरी असावेत असे दोघं. असे एकेक जण आमच्या पुलावरून चालत गेले आणि मिस्त्री एकेकाला मोठ्याने सांगत गेले, आणि मी हिंगण्याच्या पायरीवर बसून एकेक ऐकत गेले. चौतिसाव्या माणसाला मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. इतकं हलकं वाटत होतं की बसल्याजागी तोल जाईल.

"एक बाई राह्यली होती, कडेवर लेकरू हाय," मिस्त्री म्हणाले. "उतरली. आता तांडेल उतरून राह्यला."

"अजून कोणी?"

"कोनी नाई," ते म्हणाले. "होडी रिकामी झाली मॅडम. जा आता घरी."